पंचेचाळीस बाटल्या, अडतीस ठिपके

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेला चार खोल्या होत्या आणि चारही खोल्यांबद्दल ग्राफबाईचं मत ठरलेलं होतं. पहिल्या खोलीत साहेब बसायचे. त्यांना ती मनातल्या मनात ‘रंगारी’ म्हणायची, कारण कुठलाही आलेख समोर ठेवला तरी साहेब आकड्यांकडे ढुंकून बघायचे नाहीत, “निळा जरा उठावदार करा” एवढंच सांगायचे. दुसऱ्या खोलीत काचेची भांडी आणि ती धुणारा माणूस. तो भांडी धुतो की त्यांना नुसता पाण्याचा हात दाखवतो, हा तिच्या मते संशोधनाचा विषय होता. तिसऱ्या खोलीत तीन कपाटं होती आणि त्यांच्या किल्ल्या बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कुणाच्या तरी खिशातून घरी गेल्या होत्या. चौथी खोली तिची. तिथे सगळं ठीक होतं.

बावीस वर्षं ती आलेख काढत होती. आधी चौकटीच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीने, पुढे संगणकावर. शहराला पाणी पुरवणाऱ्या नळांचे आकडे तिच्याकडे यायचे आणि ठिपके, रेषा, वळणं होऊन बाहेर पडायचे. ते काम तिच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं ही गोष्ट खरी. पण ही गोष्ट तिला माहीत होती, आणि आपल्याला माहीत आहे हे ती इतरांना विसरू देत नव्हती. घरीही तेच. बाथरूममधला गिझर चालू कोण ठेवतं यावर तिने एकदा महिनाभर नोंदी ठेवल्या, रंगीत आलेख काढला आणि फ्रीजवर चिकटवला. सगळ्यात उंच खांब दिराचा होता. दीर त्यानंतर पाच आठवडे तिच्याशी बोलला नाही. त्याच्या अबोल्याचाही आलेख काढू नकोस, असं नवऱ्याने हात जोडून सांगितलं, म्हणून तो तेवढा राहिला.

कचेरीत तिची सगळ्यात मोठी लढाई सॉफ्टवेअरवरून झाली होती. साहेबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेख काढायचं एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं, दोन वर्षांच्या परवान्यावर. परवाना संपला त्या सकाळी एकही फाइल उघडेना. दोन वर्षांचं पाणी कुलपात गेलं. साहेब पडद्याकडे पाहत “असं कसं, असं कसं” करत बसले, आणि ग्राफबाईने घरून एक मोफत सॉफ्टवेअर आणून चढवलं. वैज्ञानिक आकड्यांचे आलेख काढणारं, त्यांच्यातून वळणं शोधणारं. कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी आपापल्या रिकाम्या वेळात लिहिलेलं. कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं, आत काय चाललंय ते उघडून पाहावं.

“फुकट आहे?” साहेब म्हणाले. “मग काहीतरी खोट असणार त्यात.”

“तुम्हाला तर पगार आहे, म्हणून तुमच्यात खोट नाही का?” असं ती म्हणाली नाही. बहिणीला फोनवर मात्र ‘असं मी म्हणाले’ म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात तिने तीन आठवडे तेच आकडे दोन्हीकडून काढून, कागद शेजारी शेजारी ठेवून साहेबांना गप्प केलं. शिवाय त्या सॉफ्टवेअरमधली एक बारीक चूक तिनेच पकडून ते लिहिणाऱ्यांना कळवली होती. त्यांनी ती चार दिवसांत दुरुस्त केली आणि आभाराच्या यादीत तिचं नाव घातलं. ते पान छापून तिने टेबलामागच्या भिंतीवर टाचलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसावं म्हणून तिने कॅलेंडर खाली घेतलं.

त्या सॉफ्टवेअरच्या तळाशी एक पट्टी होती. आलेख काढला की तिच्यात बारीक अक्षरांत काही ना काही उमटायचं. हा रकाना रिकामा आहे, तो आकडा दोनदा आलाय, इथे रेषा बसत नाही. ग्राफबाईने त्या पट्टीचं नाव ‘सासूबाई’ ठेवलं होतं. घरच्या सासूबाईही अशाच सारख्या काहीबाही बोलत असायच्या, दूध वर आलं, खिडकी लाव, त्याचा शर्ट उलटा वाळतोय. घरच्या सासूबाईंना बंद करायची सोय नव्हती. इथे ती होती. पट्टीची वरची कड धरून खाली ओढली की पट्टी नाहीशी व्हायची. पहिल्याच वर्षी तिने ती ओढली आणि मग ती तिथे आहे हेच विसरून गेली.

आता बाटलीमामांबद्दल. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण रोज सकाळी नळानळावरून पाण्याच्या बाटल्या गोळा करून आणणारा माणूस म्हणून सगळे त्यांना बाटलीमामा म्हणत. क्लोरिन बाटलीत टिकत नाही, उडून जातं, म्हणून ते नळापाशीच तपासावं लागतं. मामा काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात एक छोटी गोळी टाकायचे, पाणी गुलाबी व्हायचं. जितकं गुलाबी तितकं क्लोरिन. मग नळी छोट्या यंत्रात घालून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. ग्राफबाई मामांना कधी टाकून बोलली नाही. ती त्यांच्याशी जेमतेमच बोलायची. वही हातातून घ्यायची, आकडे भराभर टाइप करायची आणि वही परत करायची.

यंदा पाण्याच्या इंजिनिअरांच्या डोक्यात एक कल्पना आली होती. वरच्या टाकीवर क्लोरिन सोडणारं एक जुनं यंत्र होतं. मुख्य केंद्रावर क्लोरिन घालतोच, मग टाकीवर पुन्हा कशाला? यंत्र कायमचं बंद करू, तिथला माणूस दुसरीकडे घेऊ. त्याआधी पंचेचाळीस दिवस ते बंद ठेवून बघायचं ठरलं. शहराच्या कडेला, सगळ्यात शेवटच्या नळाला क्लोरिन पोहोचलं तर यंत्र बंद. नाही पोहोचलं तर चालू. पोहोचतंय की नाही हे ग्राफबाईच्या आलेखावरून ठरणार होतं. त्या शेवटच्या नळावर दीडेकशे घरं पाणी भरत होती, आणि त्यातलं एक घर बाटलीमामांचं होतं. हे ग्राफबाईला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात एकदा मामा वही देऊन दारातच घुटमळले.

“बाई, आज शेवटच्या नळावर रंगच आला नाही. पाणी पांढरंच राहिलं.”

“गोळी जुनी असेल.”

“दुसरी टाकून पाहिली.”

“मामा,” ग्राफबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, “एका आकड्यावर माझा विश्वास नसतो. आणि तो आकडा सांगणाऱ्या माणसावर तर त्याहून नसतो. पंचेचाळीस दिवस होऊ द्या. आलेख काय सांगतो ते बघू.”

बाईंना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं धरून मामा बरं म्हणाले. नंतर पुन्हा कधी ते दारात घुटमळले नाहीत.

पंचेचाळीस दिवस झाले. ग्राफबाईने आलेख काढायला घेतला. केंद्रावरचे आकडे दोनच्या आसपास, शेवटच्या नळाचे झीरो पॉइंट तीन, झीरो पॉइंट चार. आलेखाच्या साध्या मोजपट्टीवर केंद्राची रेषा वर ताठ उभी आणि नळाची बिचारी तळाला चेपलेली. शोभेना. मग तिने दहापटीची मोजपट्टी लावली. या पट्टीवर एक पायरी खाली उतरलं की दहावा भाग: एक, मग एक दशांश, मग एक शतांश. लहान आकडेही ऐसपैस दिसतात. ही पट्टी लावली की इंजिनिअर मंडळी वचकून असतात, हाही एक फायदा. आलेख देखणा आला. नळाची रेषा जराशी वरखाली होत, पण निदान एवढं क्लोरिन हवंच, या रेषेच्या वर राहून, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. म्हणजे यंत्र नसलं तरी चालेल. तिने बारा प्रती छापल्या आणि एक बाहेरच्या फळ्यावर लावली. साहेबांनी निळा उठावदार असल्याचं कबूल केलं.

बैठक दुसऱ्या दिवशी अकराला होती. साडेनऊला मामा बाटल्या ठेवून गेले आणि गेले ते फळ्यासमोर उभे राहिले. पंधरा मिनिटं उभे. हातात पेन्सिल. मग आत आले.

“बाई, त्या कागदावर शेवटच्या नळाच्या माझ्या बाटल्या सगळ्या आहेत ना?”

“सगळ्या आहेत, मामा. पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस बाटल्या, पंचेचाळीस ठिपके.”

“मी अडतीस मोजले.”

ग्राफबाईने चष्मा कपाळावर सरकवला. “तुमचा नंबर वाढलाय. ठिपक्यावर ठिपका येतो कधी कधी.”

“पेन्सिलीने खूण करत मोजले. दोनदा.”

“फळ्यावरच्या कागदावर खुणा केल्यात तुम्ही? बैठकीच्या दिवशी?”

ती तरातरा बाहेर गेली, मामांना तिथल्या तिथे खोटं पाडायला. बोट टेकवत मोजू लागली. अडतीस. शेवटून मोजले. अडतीस. ती आत आली आणि खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली.

“कुठले सात नाहीत?”

मामांनी वही उघडली. सात पानांचे कोपरे दुमडलेले होते. “रंग आला नव्हता ते दिवस. मी शून्य लिहिलं होतं.”

शून्य. तिने ती सातही शून्यं स्वतःच्या बोटांनी टाइप केली होती. एकही हरवलं नव्हतं, सगळी फाइलमध्ये आपापल्या जागी होती. आणि दहापटीच्या पट्टीवर शून्याला जागा नसते. एकाचा दहावा भाग, त्याचा दहावा, त्याचा दहावा, कितीही पायऱ्या उतरा, शून्य काही लागत नाही. त्या जिन्याला तळच नाही. हे तिला माहीत होतं. हे तिने साहेबांना एकदा, ते चहा पीत असताना, वीस मिनिटं समजावून सांगितलं होतं. शून्यं पट्टीवरून गळून पडली, आणि रेषेने त्यांच्या आधीचा ठिपका नंतरच्या ठिपक्याला जोडून मधली भोकं बुजवून टाकली.

तिने पडद्याच्या तळाशी बाण नेला, कड धरली, वर ओढली. सासूबाई होत्या तिथेच होत्या. ‘सात आकडे शून्य असल्याने या पट्टीवर दाखवता येत नाहीत. वगळले.’ आलेखाचे रंग, अक्षरं, जाडी बदलत तिने तो चौदा वेळा नव्याने काढला होता. ते वाक्य चौदा वेळा लिहिलेलं होतं.

खरं सांगायचं तर तिच्या डोक्यात पहिला विचार पाण्याचा आला नाही. पहिल्यांदा आला साहेबांचा चेहरा. फुकटचं, म्हणणारा. दुसरा विचार असा आला की हे फक्त मामांना कळलंय, आणि मामा बैठकीच्या खोलीत कधी पाय ठेवत नाहीत. बावीस वर्षं सगळ्या कचेरीला आकडे बघायला शिकवणारी बाई अडीच मिनिटं हा विचार करत बसली. तिच्याबद्दल चांगलं सांगायचं तर एवढंच, की अडीचच मिनिटं बसली.

मामा वहीचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ करत होते. “आमच्या गल्लीचा नळ आहे तो,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्यावर प्रत्येकाच्या पुढ्यात सीलबंद पाण्याची बाटली. शहराच्या नळांचं पाणी किती निर्धोक आहे यावर विचार करायला जमलेली सगळी मंडळी विकतचं पाणी पीत होती. एरवी ग्राफबाईने यावर आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं. आज ती सरळ टेबलाशी गेली आणि बाराच्या बारा प्रती गोळा करू लागली.

“अहो, काय करताय?” साहेब म्हणाले.

“आलेख चुकलाय. सात दिवस शेवटच्या नळाला क्लोरिन नव्हतं. अजिबात नव्हतं. ते दिवस यात दिसत नाहीत.”

साहेबांना परिस्थिती कळायला वेळ लागला, पण कळल्यावर ते खुर्चीत चक्क फुलले. “मी तीन वर्षं काय सांगतोय? फुकटचं ते फुकटचं! सॉफ्टवेअरनं आकडे खाल्ले! चांगलं पैसे मोजून घेतलं होतं आपण...”

“म्हणजे सॉफ्टवेअरची चूक,” इंजिनिअर म्हणाले. माणूस सौम्य होता, त्याला हे लवकर मिटवायचं होतं. “तुमची नाही, बाई. होतं असं.”

तिने मान हलवायची, एवढंच बाकी होतं. साहेब खूश, इंजिनिअर खूश, महागडं सॉफ्टवेअर परत, आणि ग्राफबाईच्या नावाला डाग नाही. कुठल्या तरी देशांत रिकाम्या वेळात काम करणारी ती माणसं काही इथे येऊन भांडणार नव्हती. त्या यादीत तिचं नाव लिहिणारी तीच माणसं.

“नाही,” ती म्हणाली. “सॉफ्टवेअरनं सांगितलं होतं. चौदा वेळा सांगितलं होतं. मीच वाचलं नाही. दहापटीची पट्टी मी निवडली, आणि सूचनांची पट्टी मी बंद करून ठेवली होती.”

साहेबांचा चेहरा उतरला. कुणावर चिडावं तेच त्यांना कळेना. इंजिनिअरांनी मात्र लगेच वरच्या टाकीवर फोन लावला आणि यंत्र सुरू करायला सांगितलं. “तिथून क्लोरिन नळापर्यंत यायला संध्याकाळ होईल,” ते तिच्याकडे वळून म्हणाले. “तुम्ही स्वतः जा त्या नळावर. आता काय आहे ते बघा आणि मला सांगा.”

मामांबद्दल ती खोलीत एक अक्षर बोलली नव्हती. तसं मुद्दाम नाही. सॉफ्टवेअरची बाजू घेताना तिला इतकं भरून आलं होतं, की आपल्या दारात घुटमळून गेलेला माणूस तिला आठवलाच नाही. स्वतःचा खरेपणा तिला पुरेसा वाटला होता. बाहेर येताना तर तिची मान किंचित ताठच होती.

बावीस वर्षांत ती शेवटच्या नळावर कधी गेली नव्हती. तिच्या लेखी तो नळ म्हणजे फाइलमधला एक रकाना. मामांच्या मागून चालत ती गेली तेव्हा दुपार झाली होती. रस्ता अरुंद होत होत शेवटी एका भिंतीपाशी संपत होता, आणि त्या भिंतीतून नळ बाहेर आला होता. खाली झिजलेला दगड. पाच-सहा बायका बादल्या, हंडे घेऊन थांबलेल्या.

“मी करते,” ती म्हणाली. मामांनी पिशवीतून नळी आणि गोळी काढून दिली. तिने पाणी घेतलं, गोळी टाकली, झाकण लावून हलवलं आणि नळी उन्हात धरली. गोळी विरघळली. पाणी तसंच राहिलं. ती वाट पाहत राहिली. मामांनी वाट पाहिली नाही, त्यांनी वही काढली.

“झालं का? भरू का?” एका बाईने विचारलं. तिच्यापुढे एक हंडा आधीच काठोकाठ भरलेला होता. पदर खोचलेला, हाताला साबण. मामांची बायको होती ती, हे ग्राफबाईला तिच्या विचारण्यावरूनच कळलं. इतरांनी मामांना असं विचारलं नसतं.

“भरू नको,” मामा म्हणाले. “संध्याकाळपर्यंत थांब.”

“का? काय झालं?”

“क्लोरिन नाही. सगळ्यांना सांग, उकळून प्या.”

“आजच नाही, का आधीपण नव्हतं?”

मामा वहीची पानं मागे उलटू लागले.

“अहो, मी काय विचारते? नातीला महिन्यात दोनदा जुलाब झाले. दोनदा दवाखान्यात नेलं. तुम्ही रोज सकाळी ह्या नळावर ती नळी हलवत बसता. सगळी गल्ली बघते. आणि तुम्हाला कळलं नाही?”

मामा वहीत बघत होते. त्या वहीतली सात पानं उघडून ते बायकोला दाखवू शकले असते. दारात उभं राहून आपण काय बोललो आणि आपल्याला काय ऐकावं लागलं, हेही सांगू शकले असते. कचेरीतल्या बाईंसमोर त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी फक्त पेन्सिल कानावर खोचली.

ग्राफबाईच्या हातात नळी तशीच होती.

“त्यांना कळलं होतं,” ती म्हणाली. “त्यांनी पहिल्याच वेळी येऊन मला सांगितलं होतं. मी त्यांना परत पाठवलं.”

मामांच्या बायकोने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, इस्त्रीची साडी, गळ्यातलं ओळखपत्र. बावीस वर्षं ग्राफबाई लोकांकडे अशीच पाहत आली होती, तिच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही कोण?”

“मी आलेख काढते.”

“ते काय असतं?”

मामांच्या बायकोने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने वाकून तो भरलेला हंडा दोन्ही हातांनी धरला आणि तिथेच दगडावर पालथा केला. पाणी पसरत ग्राफबाईच्या चपलांखालून गेलं. मागच्या बाईने आपली बादली ओतली, मग तिच्या मागच्या बाईने.

मामांनी वही तिच्यापुढे धरली आणि कानावरची पेन्सिल काढून दिली. तिने तारीख लिहिली, नळाचा क्रमांक लिहिला आणि पुढच्या रकान्यात शून्य लिहिलं.